पुडी कुणाच्या दप्तरात

"पुडी माझीच होती. आणि मिरीच्या दप्तरात ती मीच ठेवली," लेक म्हणाली.

आईनं चमकून लेकीकडे पाहिलं. पुडी लेकीची, हे खरं. पण मिरीच्या दप्तरात ती ठेवली होती आईनं!

शाळेच्या रिकाम्या वर्गात पाच खुर्च्या गोल मांडल्या होत्या. गांजा ओढणाऱ्या पोरांना कोर्टाची पायरी चढावी लागू नये, म्हणून ही बैठक. चूक कबूल करायची, ज्याला त्या चुकीची झळ लागली त्याचं ऐकायचं. हातात फळ्याचं डस्टर असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ओठांना टाके घालायचे.

टाके घालणं तर आईचा धंदाच. महिन्यापूर्वी मिरी अभ्यासाला घरी आली होती; दोघी मैत्रिणी अभ्यास टाकून गच्चीवर गेल्या, आणि हिनं मापं लिहायला पेन शोधत लेकीचं दप्तर उघडलं. हाती आली गांजाची हिरवट पुडी. ही वाह्यात मिरीच माझ्या पोरीला बिघडवतेय, असं म्हणत तिनं पुडी शेजारीच पडलेल्या मिरीच्या दप्तरात कोंबली. दुसऱ्या दिवशी शाळेत झडती झाली. ओढतो दोघी, हे मिरीनं कबूल केलं. पुडी माझी नाही, हे मात्र कुणी ऐकलं नाही. तिच्या बापानंसुद्धा.

तो बाप, नखांत पांढरा रंग अडकलेला रंगारी, आता खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे पोरगी खरं बोलत होती? आणि मी महिनाभर हिच्याशी शब्द बोललो नाही!"

"काका, डस्टर..." बैठक चालवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"डस्टर गेलं चुलीत!"

बाई लेकीकडे वळल्या. "दुसरीला अडकवलं असशील, तर प्रकरण माझ्या हातात राहत नाही. पोलिसांकडे परत जाईल. नीट आठव. तूच ठेवलीस?"

"हो."

लेकीनं आईकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. बोलू नकोस.

हिनं पाहिलं होतं तर! गच्चीवरून कशाला तरी खाली आली असेल, दारातूनच परतली असेल. महिनाभर समोर बसून जेवली, "आई, भाजी वाढ" म्हणाली. हातभर अंतरावरची लेक सात डोंगरांपल्याड एकटी बसली होती, आणि आईला पत्ता नव्हता.

डस्टर आईच्या हातात आलं.

"हिनं नाही ठेवली," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मी ठेवली."

"आई, गप्प बस ना गं!" लेक किंचाळली.

रंगारी मटकन खाली बसला. बाईंचं पेन थांबलं. मिरी, जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं, ती आईकडे वळली.

"पण काकू," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी निघताना दप्तर तुम्हीच माझ्या पाठीला अडकवून दिलंत. नीट जा गं, म्हणालात."

"हो बाळ," आई म्हणाली. "म्हणाले होते."