पथारीवरच्या बकऱ्या

चारुलताबाईंनी एक जुनी कॅसेट इतकी वर्षं जपून ठेवली होती. नंदुरबारच्या शाळेत शिकत असताना त्यांनी स्वतः लिहिलेला गेम या कॅसेटमध्ये होता. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, लाल मिरची पडलीय, चारी बाजूंनी बकऱ्या घुसतात, त्यांना हाकलायचं. लिहिला चारूने, आणि खेळलं कोण? पोरं! कॉम्प्युटर एकच, मुलींनी मागे उभं राहायचं. मास्तरांनी शेवटी कॅसेट तेवढी तिच्या हातावर ठेवली. आपलाच गेम आपण कधी खेळलो नाही, हे दुखणं काही केल्या जात नव्हतं.

तळोद्याच्या भंगारवाल्याकडे तसलाच कॉम्प्युटर दिसला, तेव्हा बाईंनी तो पोटाशी धरून घरी आणला. टीव्हीला जोडला, टेपरेकॉर्डरची वायर खोचली, प्ले दाबलं. कॅसेट किंचाळायला लागली, पडद्यावर पट्टे धावू लागले. त्या किंचाळण्यातच तर गेम असतो. तो सगळा आत जाईपर्यंत लाईट हलता कामा नये. आणि नेमकं शेजारच्या बेबीबाईंचं मसाला कांडप सुरू झालं! दिवे मंदावले, पडदा काळा. पुन्हा लावली, पुन्हा तेच. टेपच्या हेडला तपकिरी भुकटी लागलेली दिसली. फीत झडत होती. आता आणखी एकदा वाजली तर वाजली, नाहीतर संपलं.

बाई तडक कांडपावर गेल्या. मिरचीचा हंगाम, डबे घेऊन बायकांची रांग, सगळ्या शिंकताहेत. एका गेमसाठी कांडप बंद ठेवा म्हणायचं कुठल्या तोंडाने? पण बाईंनी सांगून टाकलं, शाळेतल्या पोरांसकट सगळं. बेबीबाईंनी खटका खाली ओढला, आणि अख्खी रांग बाईंच्या ओसरीत येऊन बसली.

बाईंनी हेड स्पिरिटने पुसलं, आवाज बेताचा ठेवला, प्ले दाबलं. कुणाला शिंक आली तरी तिने पदर तोंडात कोंबला. आणि काय सांगावं! पट्टे थांबले, पडदा उजळला, लाल ठिपक्यांची पथारी पसरली आणि कोपऱ्यातून एक चौकोनी बकरी आत शिरली. बायकांनी एकच कालवा केला.

चारुलताबाई सवयीने उठल्या, आलेल्या बायकांपैकी कुणाला तरी खेळायला खुर्ची द्यायला. बेबीबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू खेय, आक्का," त्या म्हणाल्या. "आम्ही मांगे उभ्या ऱ्हातस."

बकरी मिरचीपर्यंत पोचली होती. बाईंनी डोळे पुसले नि तिला हाकललं.