फडक्यातला देव

बाईंनी हातातली काळी दांडी राजकन्या बिराजदारच्या छातीवरून फिरवली आणि दांडी चिरकली.

त्यांनी पुन्हा फिरवली. दांडी पुन्हा चिरकली. रांगेतल्या नऊ जणांनी माना वर केल्या. सगळ्यांच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पांढरा पोशाख, डोक्यावर कान-मान झाकणारी पांढरी टोपडी, तोंडावर पट्टी. उघडे काय ते डोळे. त्या डोळ्यांतून कोण हसतंय नि कोण घाबरलंय एवढंच कळत होतं.

जपानातल्या एका लहान गावातला हा कारखाना सोयाबीनच्या दुधाचा टोफू करायचा. टोफू म्हणजे आपल्या पनीरचा भाऊ. लातूरच्या एका कॉलेजात अन्नतंत्र शिकणारी दहा पोरं-पोरी सरकारी योजनेतून दहा दिवसांसाठी इथं आली होती. आज प्रात्यक्षिक. दहांतला एक जण कारखाना निवडणार आणि पुढच्या जूनमध्ये तीन महिने शिकायला परत बोलावणार. जो आत जाईल त्याचाच विचार होणार. जो बाहेर राहील तो नुसता पाहुणा, चहा पिऊन जाणारा.

आणि आत धातू चालत नव्हता. केसांतली पिन चालत नव्हती, तिथं बाकीचं काय.

आदल्या दिवशीच सगळ्यांकडून कागद भरून घेतला होता. अंगावर दागिना आहे का, या प्रश्नापुढं राजकन्येनं ‘नाही’ लिहिलं होतं. ते तिनं खोटं लिहिलं नव्हतं. कानातलं, पैंजण, सगळं काढून बॅगेत ठेवलं होतं. गळ्यातलं इष्टलिंग तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आठव्या वर्षी स्वामींनी ते गळ्यात घातलं, तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच घोटभर पाणी प्यायचं. तो देव होता. तो ज्या चांदीच्या डबीत होता ती डबी देवाचं घर होतं. घराला कुणी दागिना म्हणतं का?

दुभाष्यानं बाईंचं म्हणणं सांगितलं. काढून कपाटात ठेवा, कुलूप आहे, दोन तासांनी परत घ्या. बाईंचं नाव ओकादा. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. बोलण्यात राग नव्हता आणि सूटही नव्हती.

रविकिरण सर पुढं आले. ते या दौऱ्याचे प्रमुख. त्यांच्या बोटांतल्या तीन अंगठ्यांपैकी एक शनीची, एक गुरूची आणि एक बढतीची होती. तिन्ही त्यांनी सकाळीच खळखळ न करता पाकिटात टाकल्या होत्या.

“बिराजदार, काढ ते. मी काढल्याच ना?”

“न्हाई काढता येत, सर.”

“दोन तासांचा प्रश्न आहे. देव कुठं पळून जातोय?”

रांगेत मागं उभ्या पुनमनं विचारलं, देव काय कपाटात गुदमरणार हाय का. दोघं-तिघं हसली. तोंडावर पट्टी असली तरी हसणं लपत नाही, खांदे हलतात.

राजकन्या हलली नाही. तिचा हात पोशाखावरून डबीवर गेला आणि तिथंच राहिला.

ती डबी कशी आली हे तिलाच ठाऊक होतं. तिच्या घरात कुणाच्याच गळ्यात कधी चांदी नव्हती. तिच्या गावच्या, चाकूरच्या पेठेतले लिंगायत चांदीच्या डब्या मिरवायचे. गिरणीवाल्या उमाशंकर बिराजदाराच्या घरचे लोक देव धडप्याच्या, म्हणजे जुनेर फाडून काढलेल्या कापडाच्या पट्टीत बांधून गळ्यात घालायचे. धर्मात याला बंदी नाही, उलट जुनी रीतच ती. पण रीत गरिबानं पाळली की तिची टिंगल होते. मठात पंगत बसली होती तेव्हा पेठेतले सुदामशेट सगळ्यांसमोर म्हणाले होते, सरका, फडक्यातला देव आला. राजकन्या तेव्हा दहा वर्षांची. तिचे आप्पा मान खाली घालून जेवले. जेवले, हे तिला आजही खुपत होतं.

जपानचं पत्र आलं त्या आठवड्यात आप्पा मुरुडच्या सोनाराकडं गेले. तिच्या आईनं, अंबिकानं, पायातले तोडे काढून दिले होते. त्याची डबी झाली. आप्पांनी ती गल्लीभर दाखवली आणि लेकीच्या गळ्यात घालताना एवढंच म्हणाले, “आता कुणी काय म्हणायचं न्हाई.”

डबीनं हैद्राबादच्या विमानतळावरही आवाज केला होता. तिथल्या पोलीस बाईनं उघडून पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि सोडलं. जपानच्या विमानतळावर बेलाची पानं गेली. परदेशी पालापाचोळा आणायचा नाही म्हणून तिथल्या माणसानं ती दोन्ही हातांनी उचलली, वाकून माफी मागितली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्यांना विभूतीचा पांढरा खडा सापडला. पांढरी पूड म्हटल्यावर तिथले चार जण गोळा झाले आणि रविकिरण सरांना घाम फुटला. राजकन्येनं शांतपणे खडा हातात घेतला, बोटं ओली केली आणि सगळ्यांसमोर कपाळावर तीन आडव्या रेघा ओढल्या. ते बघत राहिले. एकानं मान डोलावून खडा परत दिला.

तेव्हापासून तिची पूजा पानाविना चालली होती. हॉटेलातल्या त्या खोलीत दोन पलंग आणि मध्ये एक बॅग मावेल एवढीच जागा होती. नाजिया तिची जोडीदारीण, हिमायतनगरच्या जहांगीर टेलरची मुलगी. पहाटे एक पलंगावर हात पुढं करून बसायची, दुसरी बॅग उभी करून तेवढ्या जागेत नमाज पढायची. दोघींची तोंडं दोन दिशांना, आणि गजर एकच. जेवायला बसलं की दोघीही प्रत्येक वाटीचा वास घ्यायच्या. वरणासारखं दिसेल त्यातही मासळी नाहीतर डुकराचं मांस निघायचं. मग भात, शेंगाची चटणी आणि अंबिकानं बांधून दिलेली धपाटी. धपाटी सहाव्या दिवशी कडक झाली तेव्हा नाजियानं ती चहा करायच्या किटलीवर शेकली होती.

आता तीच नाजिया रांग सोडून पुढं आली. सकाळी तिलाही डोक्याची ओढणी काढायला लावली होती. तेव्हा सर घाबरले होते, आता ही रडणार म्हणून. तिनं टोपडी चढवली, आरशात बघितलं, मग आतून येणाऱ्या कामगारांकडं बघितलं आणि म्हणाली होती, “सगळा कारखानाच बुरख्यात हाय. आपल्याला काय तकलीफ?”

ती राजकन्येच्या जवळ येऊन हळू बोलली.

“राजे, बाई देवाला न्हाई म्हनत न्हाईत. चांदीला म्हनतात.”

राजकन्येनं तिच्याकडं पाहिलं.

“डबी ठिव कपाटात. देव घे.”

“कशात घेऊ?”

नाजियानं कपाट उघडलं, स्वतःची निळ्या फुलांची सुती ओढणी काढली, कड दातात धरली आणि चर्रकन फाडली. चार बोटं रुंद, हातभर लांब पट्टी निघाली.

राजकन्येचा हात पुढं होईना. फडकं दुसऱ्या धर्मातलं होतं म्हणून नव्हे. ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तिला मठातली पंगत दिसत होती आणि आप्पांची खाली गेलेली मान. आईच्या पायांवर तोड्यांचे पांढुरके वळ अजून तसेच होते. आणि आपण सात समुद्र ओलांडून पुन्हा फडक्यातच जायचं.

“घेतीस का आता? दार लावून घ्यायलेत.”

राजकन्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. डबी उघडली, काळंभोर लिंग डाव्या तळहातावर घेतलं. नाजियानं पट्टीत ते मधोमध धरून दोन्हीकडं पीळ दिला आणि मानेमागं गाठ मारली. शिंप्याच्या घरची गाठ. ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. रिकामी डबी कपाटात गेली.

ओकादाबाईंनी दांडी फिरवली. दांडी गप्प राहिली. पण बाईंनी वाट सोडली नाही. हे काय आहे आणि का काढत नाही, असं त्यांनी विचारलं. रविकिरण सर घाईनं काहीतरी संस्कृतीबिंस्कृती सांगू लागले. राजकन्येनं त्यांना थांबवलं. सरांना थांबवायची तिची ती पहिलीच वेळ.

“त्यांना म्हनावं, मी जिवंत हाय तवर हे गळ्यात आन् मेल्यावर हातात. मातीत जाताना बी हे संगं राहतंय. दोन तासासाठी काढायचं म्हनलं तर मला बाहेर बसवा. मी बसते.”

दुभाष्यानं किती सांगितलं, काय सांगितलं, कुणास ठाऊक. बाई बराच वेळ त्या निळ्या फुलांकडं बघत होत्या. मग त्यांनी गाठ स्वतः ओढून पाहिली. सुटत नाही अशी खात्री झाल्यावर पट्टी पोशाखाच्या आत सारली, त्याची प्लास्टिकची चेन गळ्यापर्यंत लावली आणि चेनीवर रुंद चिकटपट्टी दाबून बसवली. दाबताना त्यांचा हात तिच्या छातीवर क्षणभर थांबला. मग त्या बाजूला झाल्या.

आत वाफ होती. प्रत्येकाला एक भांडं गरम दूध आणि वाटीभर खारं पाणी मिळालं, दूध नासवायला. ते कधी आणि किती घालायचं एवढाच खेळ. घाई केली की रवाळ होतं, उशीर केला की धरत नाही. पुनमनं भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे लावले. बाकीचे शेजाऱ्याच्या भांड्यात बघत होते. राजकन्येनं पळी दुधात उभी धरली आणि वाट पाहिली. गिरणीत जात्याच्या आवाजावरून पिठाचा पोत सांगणाऱ्या माणसाची ती लेक होती. आप्पा म्हणायचे, माल सोताच बोलतो, आपुन गप बसावं. पळीला ओढ लागल्यासारखी वाटली तेव्हा तिनं पाणी सोडलं, एकदाच ढवळलं आणि हात काढून घेतला.

दाबून काढलेल्या वड्या ओळीनं मांडल्या. ओकादाबाईंनी प्रत्येकीवर बोट टेकवलं. राजकन्येच्या वडीवर टेकवलेलं बोट त्यांनी उचललं आणि वडी जिथल्या तिथं परत वर आली. त्यांनी भिंतीवरच्या, दहाजणांची नावं लिहिलेल्या फळ्याकडं जाऊन एक नाव तसंच ठेवलं आणि नऊ पुसली.

पुसलेल्यांत नाजियाचंही होतं. संध्याकाळी तिनं किटलीवर शेवटचं धपाटं शेकलं, मोठा तुकडा राजकन्येला दिला आणि म्हणाली, जूनमध्ये जाशील तेव्हा धपाटी दुप्पट ने, मी न्हाई तर शेकनार कोन.

दुसऱ्या पहाटे पूजा झाली. कपाटातून आणलेली चांदीची डबी पलंगावर उघडी पडली होती. राजकन्येनं लिंग तळहातावर घेतलं, डबीकडं बघितलं, आणि निळ्या पट्टीत ठेवून नाजियाकडं पाठ केली.

“गाठ मार.”

नाजियानं पट्टीला पीळ दिला, गाठ मारली आणि ओढून बघितली.

हैद्राबादहून गाडी लातूरला आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. चाकूरहून जीप भरून माणसं आली होती. बातमी फोनवरून आधीच पोचली होती. रामकिशन हलगी घेऊन फलाटाबाहेर उभा होता आणि पोरगी दिसताच त्यानं अशी वाजवली की रिक्षावाले गोळा झाले. सुदामशेटही आले होते, शाल घेऊन. गावचं नाव काढलं म्हटल्यावर गाव सगळ्यांचंच असतं.

आप्पा पुढं होते. धुतलेला सदरा, पण नखांत पीठ तसंच. ते नुसते लेकीकडं बघत होते. मग कस्तुराबाई आत्यानं भाचीला कवेत घेतलं आणि तिचा हात गळ्यापाशी अडला.

“आगं, डबी कुठाय?”

हलगी थांबली. सुदामशेट शाल हातात धरून वाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“म्हंजी शेवटी फडक्यातच का?”

राजकन्येनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती आप्पांशी बोलली.

“डबी बॅगत हाय, आप्पा. डबीला आत सोडंनात. देवाला सोडलं.”

आप्पांनी दोन बोटांनी ती निळी फुलं चाचपली. मग त्यांची नजर लेकीच्या मागं गेली. तिथं एक पोरगी जड बॅग सांभाळत आपल्या बापाची वाट बघत उभी होती. डोक्यावर ओढणी, निळ्या फुलांची, आणि तिची एक कड उभी निघालेली.

“पोरी,” आप्पा म्हणाले, “तुझी ओढनी फाटलीया.”

“फाटली न्हाई, काका. फाडली.”

आप्पा लेकीच्या मागं गेले. आयुष्यभर पोत्यांची तोंडं बांधलेला माणूस तो. त्यांनी मानेमागची गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली, दोन्ही टोकं ओढून पाहिली. कुठं सैल नव्हती. मग त्यांनी कुणी न सांगता आपल्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, आतली मळकी धडप्याची पट्टी कॉलरच्या बाहेर घेतली आणि तशीच राहू दिली.

नाजियाच्या हातातली बॅग त्यांनी उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकली.

“रामकिशन,” ते म्हणाले, “थांबलास का रं? वाजीव.”