चोवीस मासे

"दोन कमी आहेत," व्हर्ना म्हणाली.

टेबलापलीकडच्या बाईचा चेहरा पडला. "अहो, सगळे गोळा केले आम्ही. टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं."

"नवऱ्याच्या स्वेटरची बाही बघितलीत?"

नवरा बिचारा मागे कॉफी घेऊन उभा होता. त्यानं दुमडलेली बाही सोडली आणि दोन लाल लाकडी ठोकळे टपटप जमिनीवर पडले.

"याला पत्ते खेळायला बसवू नका," व्हर्ना म्हणाली. ठोकळे डब्यात टाकले, झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख, आकडा नि सही ओढली आणि डबा डावीकडच्या चळतीवर ठेवला.

गावातल्या खेळांच्या क्लबाला पस्तीस वर्षं झाली होती. एरवी क्लब आठवड्याला एकदा चर्चच्या तळघरात जमायचा, आणि दर फेब्रुवारीत तिथंच वर्धापनाचा शनिवार-रविवार भरायचा. बाहेर तळं दगडासारखं गोठलेलं, आत वीस-पंचवीस टेबलं, आणि त्यांच्यावर फासे, पत्ते, नकाशे, सोंगट्या. क्लबाचे एकशे नव्वद डबे मागच्या कोठीत असायचे. कोठीची किल्ली एकच, ती व्हर्ना कोलस्टाडच्या गळ्यात दोरीला. आणि नियमही एकच, मोजल्याशिवाय डबा आत जायचा नाही.

नियमाला कारण होतं. पहिल्याच वर्षी एका खेळातला एक घोडा हरवला आणि त्यापायी दोन साडू वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हा क्लब काढणाऱ्या ऑरिननं, म्हणजे व्हर्नाच्या नवऱ्यानं, मोजायचं काम बायकोवर सोपवलं. व्हर्नानं आठवीनंतर शाळा सोडली होती आणि पुन्हा शाळेत शिरली ती तिथल्या स्वयंपाकघरात. एकोणतीस वर्षं रोज चारशे ताटं वाढली; किती गेली नि किती परत आली हे तिला मान वर न करता कळायचं. खेळायला मात्र ती एकदाही बसली नाही. "हरलेल्या पुरुषाचं तोंड मला घरी बघायला मिळतं," म्हणायची.

ऑरिन जाऊन अकरा वर्षं झाली. किल्ली तिच्या गळ्यातच राहिली.

आता एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. लांबच्या शहरातल्या लेकीलाही नाही. दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. तसंच झालं. समोरच्या माणसाच्या तोंडावर कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं दिसायचं. त्याचे कान तेवढे स्पष्ट. म्हणून ती मान वळवून तिरकी बघायची. लोक म्हणायचे, म्हातारी तोऱ्यात बघते. म्हणू देत. तोरा तिच्या अंगी आधीपासून होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

मोजायला तिला बोटं पुरत होती. पस्तीस वर्षांची मुरलेली बोटं. एखादी सोंगटी खरबरीत लागली की ती कुरकुरायची, "आजकाल लाकूडसुद्धा नीट घासत नाहीत मेले."

"खरंय," मायलो म्हणायचा.

मायलो ब्रॅंशो हा निवृत्त टपालवाला. अडुसष्ट वर्षांचा, लांबलचक आणि सावकाश. हिवाळाभर तळ्यावरच्या झोपडीत बर्फाला भोक पाडून बसायचा, पाण्यातल्या माशांना भुलवायला लाकडाचे खोटे मासे कोरायचा. क्लबात त्याचं काम हमालीचं. व्हर्नानं सही केलेल्या डब्यांची चळत उचलायची, कोठीत नेऊन फळीवर लावायची, मग तिनं कुलूप घालायचं. गेलं वर्षभर त्याला एवढ्याशा कामाला अर्धा अर्धा तास लागत होता. व्हर्ना कोट घालून दाराशी उभी राहायची.

"मायलो, आत काय अंडी उबवतोस?"

"आलो, आलो."

"पत्रं अशीच वाटत होतास काय रे? नाताळचं कार्ड ईस्टरला?"

"पोचायचं ना पण," मायलो आतून म्हणायचा.

शनिवारी दुपारी क्लबाची अध्यक्ष टेसा आली. चाळिशीची, शाळेत ग्रंथपाल, पोरगी गुणाची पण घाई फार. व्हर्नापुढं हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याची, ताटली ठेवत म्हणाली, "व्हर्ना, उद्या समारोपाला मासेवाला डबा उघडू ना, तेव्हा यंदा ऑरिनची पहिली चिठ्ठी तुम्ही वाचा. पस्तिसावं वर्ष आहे. सगळ्यांची इच्छा आहे."

मासेवाला डबा हा क्लबाचा पहिला डबा. कापडी पिशवीत चोवीस लाकडी मासे, न बघता हात घालून काढायचे. दर वर्षी समारोपाला हाच खेळ, आणि त्याआधी झाकणातली सगळ्यात जुनी चिठ्ठी मोठ्यानं वाचायची.

"तीन ओळी तर आहेत," टेसा म्हणाली.

"मला वाचता येतं, आठवी झालेय मी," व्हर्ना म्हणाली. पण ताटली बाजूला सरकवली.

दुपारचा मोठा डाव सुरू झाला तशी ती कोठीत गेली, दार लोटलं, पर्समधलं भिंग काढलं. चिठ्ठी नीट बघून पाठ करून टाकावी, असा बेत. झाकण बल्बखाली धरलं, मान वाकडी केली, भिंग डोळ्याच्या कोपऱ्याशी आणलं. अक्षरं सरपटत सरपटत कडेला आली. पण ऑरिनच्या चिठ्ठीच्या आधी खालची, तिच्या स्वतःच्या सह्यांची चिठ्ठी नजरेत आली. शेवटच्या सहीजवळ पेन्सिलीची बारीक खूण होती. तांदळाएवढी.

तिनं दुसरा डबा काढला. तिथंही खूण. तिसरा, चौथा, दहावा. गेल्या फेब्रुवारीपासूनच्या प्रत्येक सहीजवळ खूण. त्याआधी एकही नाही.

व्हर्ना खालच्या फळीवर बसली. वर्षभर तिच्या मागून कुणीतरी पुन्हा मोजत होतं.

ती उठली ती तडक स्वयंपाकघरात. टेसा कॉफीचं मोठं भांडं भरत होती.

"मला काढायचं असेल तर तोंडावर सांग."

"कशातून काढायचं?"

"किल्ली हवी ना तुला? चिठ्ठी वाचायला लावायची, टाळ्या वाजवायच्या, फुलं द्यायची नि घरी बसवायचं. मला कळत नाही होय?"

टेसाच्या हातातून पाणी ओट्यावर सांडलं. "व्हर्ना, तुम्ही काय बोलताय मला खरंच कळत नाहीये. तुम्ही नसाल तर हे डबे मी मोजू? मला माझे मोजे सापडत नाहीत!"

हिला काही माहीत नव्हतं. चारशे पोरांना वाढलेल्या बाईला खोटं बोलणारं तोंड दिसावं लागत नाही, आवाजावरून कळतं. राहिलं कोण? कोठीत अर्धा तास अंडी उबवणारा.

पण व्हर्ना नुसत्या संशयावर फैसला करणाऱ्यातली नव्हती. संध्याकाळी डबे परत आले तशी तिनं मासेवाला डबा स्वतः काढला. पिशवीत हात घातला, चोवीस मोजले. एक मासा काढून एप्रनच्या खिशात टाकला. चिठ्ठीवर लिहिलं, चोवीस, बरोबर. खाली सही. पस्तीस वर्षांत तिनं खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. डबा चळतीत मधोमध सरकवला.

"घे, ने," ती मायलोला म्हणाली. "आणि आज लवकर ये. पाय गारठतात माझे."

तो लवकर आला नाही. पाऊण तास लावला. व्हर्ना कोट घालून, किल्ली हातात धरून उभी होती. मायलोनंच विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"चल, कुलूप घालायचंय."

रविवारी सकाळी चर्चमधली प्रार्थना सुटायच्या आत ती कोठीत होती. पिशवी मांडीवर उपडी केली. एक, दोन, तीन. चोवीस. खिशात हात घातला. तिथला मासा तिथंच होता. तिनं पुन्हा मोजले, एकेकावरून अंगठा फिरवत. एकोणीस मासे गुळगुळीत, पस्तीस वर्षांच्या हातांनी झिजलेले. विसावा खरबरीत, पाठीवर चाकूचे ताजे काप. फळीच्या पायाशी लाकडाची एक कुरळी साल पडली होती, झाडूतून निसटलेली.

खरबरीत लाकूड. तिची बोटं थांबली.

मग तिनं एकेक डबा खाली घेतला. शेतीच्या खेळात एक गाय. जहाजांच्या खेळात एक शीड. एक घर, एक उंट, दोन ठोकळे. प्रत्येक खरबरीत तुकडा तिच्या बोटांखालून वर्षभर जात होता, आणि ती कारखान्याला शिव्या देत होती. अकरा तुकडे सापडले. अकरा वेळा तिनं 'बरोबर' असं लिहिलं होतं आणि ते बरोबर नव्हतं; बोटांनी एखादा तुकडा दोनदा मोजला असणार.

दारात मायलो उभा होता. टोपी हातात. तिला त्याचे कान दिसले, लाल झालेले.

"किती वेळ उभा आहेस?"

"उंटापासून."

"सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली फेकून मारली असतीस."

"मारलीच असती." तिनं उंट डब्यात ठेवला. "हा उंट आहे का कुत्रा?"

"पाय जमत नाहीत मला. मासा जमतो."

"पहिल्यांदा कधी कळलं?"

"मागच्या वर्धापनाला. मेंढी तुझ्या बुटाशी पडली होती, आणि तू मेंढीकडे बघत मला म्हणालीस, सगळ्या आल्या."

व्हर्नानं उंटाच्या डब्याचं झाकण लावलं. वरून प्रार्थनेचं शेवटचं गाणं ऐकू येत होतं, नंतर खुर्च्या सरकल्याचे आवाज.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"नाही. ते तुझं तू सांगायचं."

दुपारी दोनला सगळे टेबलं सोडून मधे जमले. ऐंशीएक माणसं. टेसानं चार शब्द बोलून मासेवाला डबा व्हर्नाच्या हातात दिला. व्हर्नानं झाकण उघडलं. कागद होता, त्यावर करडा धूर होता. ऑरिन त्या धुरात कुठंतरी होता. काल पाठ करता आलं असतं, पण भलत्याच खुणा मोजण्यात वेळ गेला.

माणसं थांबली. कुणीतरी खोकलं. टेसा हळूच म्हणाली, "चष्मा आणू का?"

"चष्म्यानं भागत नाही आता," व्हर्ना म्हणाली. शाळेच्या खिडकीतून चारशे पोरांना ऐकू जायचा तोच आवाज. "डोळ्यांचं मधलं गेलंय माझ्या. वर्ष झालं. मायलो, इकडे ये. वाच. आणि टपाल वाटल्यासारखं वाचू नकोस, लोकांना घरी जायचंय."

कुणी हसलं, कुणी हसायचं थांबलं. मायलो आला. वाचलं. "मासे चोवीस. पिशवी एक. मोजले बायकोनं, म्हणून मी पुन्हा मोजले नाहीत. ऑरिन."

टाळ्या झाल्या. व्हर्नानं ऐकून घेतल्या, मान तिरकी करून.

खेळ झाला. क्लबात सगळ्यात शेवटी आलेली एक नर्स जिंकली. टेबलं घडी होऊ लागली, ताटल्या धुतल्या गेल्या. व्हर्ना आपल्या टेबलाशी बसली आणि समोरची खुर्ची पायानं ढकलून पुढं केली.

"बस."

मायलो बसला. तिनं पिशवी उपडी केली, मासे बोटांनी मोजले, त्याच्याकडे सरकवले. त्यानंही मोजले, या वेळी मोठ्यानं, तिच्यासमोर. "चोवीस."

तिनं खिशातला गुळगुळीत मासा काढून टेबलावर ठेवला.

मायलो त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लबाड बाई. पाऊण तास बसलो मी काल. बोट कापलं."

"दाखव."

त्यानं बोट पुढं केलं. तिनं चाचपलं, पट्टी होती. हात सोडला.

"मग आता पंचवीस," मायलो म्हणाला. "कोणता काढायचा?"

व्हर्नानं ढिगातला खरबरीत मासा चाचपून काढला, दोन्ही मासे हातात घेतले, एकेकावरून अंगठा फिरवला. मग गुळगुळीत मासा परत खिशात टाकला आणि खरबरीत पिशवीत.

"टेसा," तिनं हाक मारली, "या किल्लीची दुसरी करून घे. मायलोला."

चिठ्ठी ओढून तिनं कालची ओळ खोडली, आजची तारीख घातली, चोवीस लिहिलं, सही केली. सही जरा वर चढली. मायलोनं शर्टाच्या खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं.

"ते ठेव," व्हर्ना म्हणाली आणि आपलं पेन त्याच्या हातात दिलं. "सही कर. आणि मोठी कर, मला दिसली पाहिजे."