बाबांचा सत्कार टीव्हीवर लागत नाही

माझे सासरे हरिदास जनबंधू माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झाले आणि त्यांच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ आमच्या घरी राहायला आला. राहायला आला असंच म्हणायला पाहिजे, कारण ब्रह्मपुरीच्या या नव्या घरात त्याला जेवढा मान आहे तेवढा मला नाही. वरच्या खोलीत माझ्या नवऱ्याचा, संघपालचा, कॉम्प्युटर आहे आणि त्याला जोडलेल्या मोठ्या हार्ड डिस्कवर हा व्हिडिओ ठेवलाय. ती डिस्क घरातल्या नेटवर्कवर शेअर केलेली आहे. खाली हॉलमध्ये टीव्हीला एक छोटा काळा डबा लावलाय, प्लेअर. बाबांनी रिमोट दाबला की प्लेअर वरच्या डिस्कवरून व्हिडिओ आणतो आणि टीव्हीवर दाखवतो. म्हणजे दाखवायला पाहिजे.

पेनड्राइव्हवर टाकून सरळ टीव्हीला का लावत नाही, असं मला विचारू नका. मी बाबांना विचारलं होतं. त्यांच्या मते पेनड्राइव्ह ही पोराटोरांची वस्तू. शिवाय पेनड्राइव्ह लावला तर पाहुण्यांना "आपल्या घरी नेटवर्क हाये" असं सांगता येत नाही.

व्हिडिओ जवळजवळ तीन तासांचा आहे. सुरुवातीला ड्रोन मंडपावरून फिरतो. मग कोळशाच्या टोपलीतून एक गुलाब उगवतो आणि गुलाबातून बाबांचं डोकं. मग मोठे साहेब यायचे असतात, ते येईपर्यंत कॅमेरावाल्याने त्यांची रिकामी खुर्ची चारही बाजूंनी घेतली आहे. मग शाली. प्रत्येक शाल सावकाश, हवेत तरंगत बाबांच्या खांद्यावर उतरते, आणि मागे सनई. बाबांचं स्वतःचं भाषण अगदी शेवटी आहे. तिथपर्यंत तोवर एकही पाहुणा पोचलेला नव्हता. कुणाला शेतावर जायचं आठवायचं, कुणाला बस, कुणाला घरी गॅसवर ठेवलेलं दूध. पाहुणे उठले की बाबाही त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचे, त्यामुळे भाषण त्यांनी स्वतःही पाहिलेलं नव्हतं. समारंभाला मी माहेरी होते. संघपाल आणि माझी नणंद खुशबू भाषणाच्या वेळी जेवणाच्या रांगेत नंबर धरून उभे होते. समोरच्या खुर्चीवर बसून ते भाषण ऐकणारी घरातली एकच व्यक्ती, माझ्या सासूबाई गिरजाबाई. त्या त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नव्हत्या.

धानकापणी संपली आणि हा व्हिडिओ लागेनासा झाला.

एरवी घरात कुणी हळहळलं नसतं. पण त्याच आठवड्यात बाबांनी चैतूकाकांना बोलावून ठेवलं होतं. चैतू नरोटे हे बाबांचे खाणीतले सोबती, आता धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या आपल्या गावी शेती करतात. समारंभाला ते आले होते, पण चंद्रपूरची शेवटची बस गाठायची म्हणून भाषणाआधीच निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांना फोनवर सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चैतू, भाषणात तुझं नाव घेतलं मी. पूरं नाव. येशीन त आपल्या कानानं आयकशीन."

मला यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं. समारंभाआधी बाबा रोज सकाळी आरशासमोर भाषण पाठ करायचे आणि स्वयंपाकघरात ते सगळं ऐकू यायचं, म्हणून चैतूकाकांचा भाग मलाही पाठ आहे. एका पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं, बाबांचा पाय मोडला, सगळे वर पळाले आणि चैतू पोचू नरोटे नावाचा माणूस परत खाली उतरला. बाबांना पाठीवर घेऊन तो वर आला. "आज मी तुमच्यासमोर उभा आहे, तो त्याच्या पाठीच्या जोरावर," या वाक्याला बाबांचा आवाज बसायचा आणि मला पाण्याचा गडू घेऊन पळावं लागायचं.

तर रविवारी चैतूकाका येणार आणि व्हिडिओ बंद. बाबांनी केबलवाल्या प्रफुलला बोलावलं. प्रफुल हुशार मुलगा, पण त्याने याआधी दोनदा तो गुलाब पाहिला होता. दुरुस्ती झाली की टेस्टिंग होणार आणि टेस्टिंग म्हणजे शाली, हे त्याला पुरतं माहीत होतं. त्याने डबा हातात घेतला, उलटा केला, कानाशी हलवला आणि म्हणाला, "काका, हे कंपनीतच पाठवा लागते. दोन महिने लागन." चहासुद्धा न पिता त्याने काढता पाय घेतला.

बाबा खचले. खुर्चीत बसून रिमोटकडे बघत म्हणाले, "एवढी मशिनरी चालवली मी जिंदगीभर. आता एक डबा मले आयकत नाई." त्यांचा चेहरा पाहून मला राग आला. कुणाचा ते कळेना, पण राग आला की मी कामाला लागते. कॉलेजच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मीच सांभाळते, तिथे रोज हेच तर करायचं असतं.

प्लेअर सुरू केला, तर तो वरच्या डिस्कसाठी पासवर्ड मागू लागला. आमच्या घरी फ्रिजला कुलूप नाही, डिस्कला पासवर्ड कुठून आला? वर जाऊन पाहिलं, तर शेअर केलेल्या फोल्डरवर ताजा पासवर्ड बसलेला. मी खुशबूला हाक मारली.

"मले काय मालूम, वहिनी?" ती म्हणाली, पण डोळे जमिनीकडे. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "अवं, रोज संध्याकाळी तेच! माझी सिरीयल पूरी निघून गेली. बाबा पासवर्ड विचारतीन त सांगीन म्हटलं, पण त्याईनं विचारलाच नाई."

पासवर्ड काढला. व्हिडिओ लागला. गुलाब उगवला, डोकं आलं, रिकामी खुर्ची आली आणि तिथेच सगळं थिजलं. प्लेअर म्हणे, डिस्क सापडत नाही. पुन्हा वर गेले, तर कॉम्प्युटर गाढ झोपलेला. उठवला, खाली आले, लावला, पुन्हा रिकाम्या खुर्चीशी झोपला. कुणीतरी सेटिंग करून ठेवलं होतं की थोडा वेळ कुणी हात लावला नाही तर याने झोपून जावं.

संघपाल म्हणाला, "लाइटबिल वाचवून राह्यलो."

"बिल कधीपासून बघायला लागलास?"

"रिना, तूच सांग," त्याने आवाज खाली आणला. "साहेबाच्या खुर्चीपर्यंत बापाचा मान राखला ना मी? त्याच्या पुढं मानसानं किती राखावा?"

मी कॉम्प्युटरची झोप काढून टाकली. नवऱ्याशी त्या दिवशी बोलले नाही.

तरीही सकाळी चालणारा व्हिडिओ दुपारी बंद. डिस्क जागी, पासवर्ड नाही, फोल्डर सगळ्यांना उघडा, आणि प्लेअरला वरचा कॉम्प्युटरच दिसत नाही. दोन तास घातले मी त्यात. राउटर बंद करून चालू केला, प्लेअर पुसून नव्याने बसवला, सेटिंगच्या अशा खोल्यांत शिरले जिथे बनवणारासुद्धा परत गेला नसेल. शेवटी हॉलमधल्या राउटरमागे हात घातला, तर वरच्या कॉम्प्युटरकडून येणारी वायर भोकात नुसती टेकवून ठेवलेली. बघणाऱ्याला वाटावं लागली आहे. खटकन दाबली तशी सगळं सुरू. संध्याकाळी पुन्हा सैल. मग मी दाराआड उभी राहिले.

फडकं घेऊन आई, म्हणजे सासूबाई, आल्या. टीव्हीवरची धूळ पुसली, गौतम बुद्धांच्या मूर्तीवरची पुसली आणि राउटरपाशी येऊन बोटाने वायर अलगद मागे ओढली.

"आई, तुम्हीसुद्धा?"

त्या दचकल्या. मग फडक्याची घडी करत म्हणाल्या, "राहू दे ना वं, रिना. नाई चालत त नाई चालत. चैतूभाऊ येतीन, जेवतीन, जातीन."

"बाबांची काय हालत झाली ते बघता ना? त्यांना वाटतंय त्यांनाच काही जमत नाही."

"ते बरं हाये," आई म्हणाल्या.

मला धक्काच बसला. बायकोने असं बोलावं? एका व्हिडिओचा कंटाळा माणसाला इतकं निष्ठुर करतो? मी वायर दाबून बसवली आणि वरून चिकटपट्टी मारली. मग सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं की रविवारी कुणी कशालाही हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. घरातल्या तिघांनी, एकमेकांना न सांगता, एकच व्हिडिओ बंद पाडला होता. आमच्या घरात एवढं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

रविवारी दुपारी चैतूकाका आले. हातात पिशवी, पिशवीतून मान काढलेला गावठी कोंबडा. "जय सेवा, हरिदास!" "जय भीम, चैतू!" आणि दोघे दारातच एकमेकांना पाहून हसत सुटले. कोंबडा सोफ्याच्या पायाला बांधला. जेवण झाल्यावर लावू असं आई म्हणाल्या, पण चैतूकाका म्हणाले, "जेवन कुठी पळते? आधी ते लाव."

लावला. आणि काय सांगू, लोण्यासारखा चालला. कुठे अडखळणं नाही, आवाज पुढे चित्र मागे नाही. माझा मलाच अभिमान वाटला. आणि चैतूकाकांसारखा प्रेक्षक त्या व्हिडिओला पहिल्यांदाच मिळाला. गुलाबातून डोकं निघालं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. रिकामी खुर्ची बघून म्हणाले, "साहेबापेक्षा खुर्चीच बरी दिसून राह्यली." प्रत्येक शालीला "हे कोन?" विचारलं आणि बाबांनी प्रत्येक शालीचा इतिहास सांगितला. मध्येच ते ओरडले, "थांबव, थांबव! हा मी!" खरंच, मंडपाच्या अगदी मागे, खांबाला टेकून, पिशवी छातीशी धरून ते उभे होते. बसायला खुर्ची उरली नसावी. खुशबूने मागे नेऊन तेवढं पुन्हा दाखवलं.

मग भाषण आलं. बाबा सरसावून पुढे बसले. चैतूकाकांनी डोक्यावरची टोपी नीट केली, जणू नाव पुकारल्यावर उठून उभं राहायचं आहे. आई उठल्या. राउटरकडे निघाल्या तशी मी मान हलवली. चिकटपट्टी पक्की होती, आणि आई मधल्या दारातच थांबल्या.

टीव्हीतले बाबा बोलू लागले. आधी मोठ्या साहेबांचे आभार. मग धाकट्या साहेबांचे. बदलून गेलेल्या साहेबांचे, नव्याने आलेल्या साहेबांचे, साहेबांच्या मिसेस वेळ काढून आल्या त्यांचे. मी मनातल्या मनात चैतूकाकांचा भाग म्हणत तयार होते. तेवढ्यात सूत्रसंचालकाने पुढे येऊन बाबांच्या कानात काहीतरी सांगितलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या रांगेकडे पाहिलं, घाईने म्हणाले, "जेवणाला उशीर होतोय, साहेबांना पुढं जायचं आहे, जास्त वेळ घेत नाही. जय भीम, जय भारत." टाळ्या. सनई. आणि कॅमेरा जेवणाच्या ताटांकडे वळला.

आई माझ्याकडे बघत होत्या. त्या वायर का ओढत होत्या ते मला त्या क्षणी कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना खरंच वाटत होतं की त्यांनी नाव घेतलं. इतक्या वेळा आरशाला सांगितलं होतं, की लोकांना सांगायचं राहून गेलं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

चैतूकाका ताटं बघत होते. लोक पुऱ्या खात होते. "पुढं असन," ते म्हणाले. आम्ही पुढे बघितलं. पुढे जिलेबी होती, मग हात धुणारे लोक, मग पुन्हा गुलाब, आणि पडदा काळा झाला.

"नेटवर्क," बाबा म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम हाये. मधला भाग आलाच नाई. नाई का, रिना?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असं ते पहिल्यांदाच.

"हो," मी म्हणाले. "फाईल मध्येच अडकते. वायर सैल असेल."

"मंग दुरुस्त कर ना, बाई," चैतूकाका म्हणाले आणि पाय वर घेऊन सोफ्यावर ऐसपैस बसले. "मी थांबतो. मले काई घाई नाई."

मी उठले. राउटरपाशी गेले, कारण काहीतरी करणं भाग होतं, आणि तिथे बसून न बिघडलेल्या वायरवरची पट्टी नखाने खरवडू लागले.

"राहू दे, रिना," बाबांचा आवाज आला. "काई बिघडलं नाई. चैतू, नाव नाई घेतलं मी तुझं. साहेबलोकं समोर बसले होते अन् मी भुललो. मले वाटलं घेतलं. पण नाई घेतलं."

संघपालने मान खाली घातली. खुशबू आईंजवळ जाऊन उभी राहिली. चैतूकाकांनी वर घेतलेले पाय खाली सोडले. ते रागावतील असं मला वाटलं आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग आता घे," ते म्हणाले.

बाबा उठले. हात बाजूला सोडून, काळ्या टीव्हीसमोर, चैतूकाकांपुढे, आमच्या चौघांपुढे आणि त्या कोंबड्यापुढे ते उभे राहिले. ओठ हलले. "चैतू पोचू नरोटे," इतकंच कसंबसं बाहेर आलं, आणि तेही स्वतःच्या शर्टाच्या बटणांना सांगितल्यासारखं.

चैतूकाकांनी हात कानामागे नेला.

"जोऱ्यानं घे, हरिदास," ते म्हणाले. "मी मांगं उभा होतो."