जागच्या जागी हजारो किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुना ट्रेनर आहे. शिट्टी फुंकून मुलांना मैदानाभोवती पळवणारा तो वेगळा, मी लोखंडाचा. मला दोन पसरट पाय आहेत, मधे एक गुळगुळीत रूळ आहे आणि मागच्या बाजूला एक काळा नॉब आहे. सायकलचं मागचं चाक माझ्यात अडकवलं की ते रुळावर गरगर फिरतं, चालवणारा घामाघूम होतो आणि सायकल वीतभरही पुढे जात नाही. नॉब घट्ट केला की चढ लागल्यासारखं जड जातं, सैल केला की उतारावर असल्यासारखं हलकं. माझ्यावर आजवर हजारो किलोमीटर सायकल चालली, मी मात्र जागचा हललो नाही. पूर्वी मला याचं फार वाईट वाटायचं.

माझा जन्म बर्फासाठी झाला होता. माझे पहिले मालक फिनलंडचे इंजिनियर. त्यांच्या गावी नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला की एप्रिलपर्यंत रस्ता दृष्टीस पडत नसे. मग ते मला तळघरात मांडत आणि रोज तासभर माझ्यावर सायकल चालवत. वर खिडकीपर्यंत बर्फ साचलेला आणि खाली हा माणूस बनियनवर, घामाने निथळत. वसंत आला की ते माझा रूळ पुसायचे, सांध्यांना तेल द्यायचे आणि पाठीवर थाप मारून मला कपाटात ठेवायचे. एवढं कौतुक मला पुढे बरीच वर्षं मिळालं नाही.

पुढे त्यांना कतारला नोकरी लागली आणि त्यांनी मलाही सामानात बांधलं. वाळवंटात कसला बर्फ, म्हणून त्यांचे मित्र हसले. मलाही वाटलं, संपलं आपलं काम. पण मे महिना आला आणि आम्हाला दोघांनाही कळलं की इथला हिवाळा उन्हाळ्यातच असतो. तिकडे बर्फ माणसाला घरात कोंडतो, इकडे ऊन. सकाळी सहालाही सायकलची मूठ हाताला चटका देते. मी पुन्हा कामाला लागलो.

मालक मायदेशी परतले तेव्हा मला अल रय्यानमधल्या एका शेजाऱ्याला देऊन गेले. शेजाऱ्यांनी मला बाल्कनीत ठेवलं आणि माझ्यावर पायमोजे वाळत घातले. दोन वर्षं, मित्रांनो! वाळूने माझे सांधे धरले, नॉबवरचे आकडे उन्हाने पुसून गेले. रोज ओले पायमोजे अंगावर घेत मी तळघरातला तो बर्फ आठवत राहायचो. एके दिवशी त्या घरच्या बाईंनी मला त्यांच्या इस्पितळातल्या एका सहकारी बाईला देऊन टाकलं. न्यायला आलेल्या त्या बाईंनी आधी मला ओल्या फडक्याने पुसलं, मग उचललं. त्याच सॅन्ड्रा.

सॅन्ड्रा वसईची, इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला. नजमा नावाच्या वस्तीत एका कॅफेटेरियाच्या वर दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. नवरा डेरिक एका ऑफिसात, अकरा वर्षांची मुलगी जोआना शाळेत, आणि डेरिकची आई फातिमाबाई. फातिमामातेच्या, म्हणजे मारियामातेच्या, सणाला जन्म झाला म्हणून त्यांचं नाव फातिमा. घरात मराठी चाले, पण जोआना सगळं मराठी ऐकून उत्तर इंग्रजीत द्यायची. फातिमाबाई ते इंग्रजी ऐकून उत्तर मराठीत द्यायच्या. दोघींचं छान जमायचं.

सॅन्ड्राचं एक दुखणं होतं, आणि ते पायात नव्हतं. आदल्या फेब्रुवारीत तिने शंभर किलोमीटरच्या एका सायकल-फेरीत भाग घेतला होता. पाच तासांची मुदत. सगळ्यांच्या मागून एक पांढरी गाडी येते. ती तुमच्या पुढे गेली की तुमची सायकल टपावर आणि तुम्ही आत. ब्याऐंशी किलोमीटरवर त्या गाडीने सॅन्ड्राला उचललं. शेवटच्या कमानीपाशी ती गाडीतून उतरली तेव्हा समोर जोआना उभी होती. लेकीने आईला मिठी मारली आणि अगदी प्रेमाने म्हटलं, "इट्स ओके ममा, यू आर नॉट द स्पोर्टी टाइप."

हे वाक्य सॅन्ड्राने स्वतः मला सांगितलं. म्हणजे सांगितलं डेरिकला, पण मी तिथेच होतो. रागाने बोललेलं असतं तर विसरले असते, असं ती म्हणाली. येत्या मार्चमध्ये डेरिकचा करार संपून सगळे वसईला परतणार होते. म्हणजे तिच्याकडे एकच फेब्रुवारी उरला होता. लेकीच्या मनात आपण कायमच्या त्या पांढऱ्या गाडीत बसून राहणार, याची तिला धास्ती वाटत होती.

मे महिन्यात मला हॉलच्या कोपऱ्यात मांडलं गेलं. नॉबवर आकडे नव्हते म्हणून डेरिकने सॅन्ड्राची लाल नेलपॉलिश घेऊन एक ठिपका काढला: नॉब इथवर घट्ट करायचा, रोज. दुपारी ड्यूटीवरून आली की सॅन्ड्रा सायकलवर चढे. खालून कडक चहाचा वास यायचा, एसी घरघरायचा, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि आत ती पाय मारत असायची. खिडकीबाहेर तिला समोरची भिंत आणि तिच्यावरचे एसीचे डबे एवढंच दिसे. तरी एक दिवस तिने चुकवला नाही. माझ्या फिनलंडच्या मालकांनंतर इतकं चिवट माणूस मी पाहिलं नव्हतं.

फातिमाबाई त्याच वेळी माझ्या मागे स्टूल टाकून रोजरी, म्हणजे जपमाळ, म्हणायला बसत. सॅन्ड्रानेच मग युक्ती काढली. मम्मी (सासूला ती मम्मी म्हणे) दहा वेळा 'नमो मारिया' म्हणेपर्यंत जोरात पाय मारायचे, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आलं की सावकाश, मग पुन्हा दहा. घड्याळाची गरजच उरली नाही. सून आणि सासू एकाच जपावर, एकीच्या हातात माळ आणि दुसरीच्या पायात पेडल.

आता मी जे सांगणार आहे ते मला तेव्हाच ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा वस्तूंना तोंड कुठलं.

जूनमधली गोष्ट. सॅन्ड्रा धापा टाकत होती, मानेवरून घामाची धार लागली होती. फातिमाबाईंनी माळ थांबवली नाही, पण त्यांचा डावा हात हळूच पुढे आला आणि त्यांनी माझा नॉब दोन खटके सैल केला. स्वतः स्वयंपाक, धुणं, पाच पोरं करून थकलेली ती बाई. सून दिवसभर उभ्याने काम करून येते आणि वर हे, हे त्यांना बघवेना. रोजरी संपली तेव्हा त्यांनी नॉब पुन्हा ठिपक्यावर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच, महिन्याभराने तीन खटके. सॅन्ड्राला पाय हलके लागले, सायकलच्या मीटरवर वेग वाढलेला दिसला. तिला वाटलं, आपण तयार होतोय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डेरिक आकडे लिहीत होता आणि दर आठवड्याला ते आकडे वाढत होते. सगळं घर खूश होतं, आणि मी एकटाच आतल्या आत कुढत होतो.

ऑक्टोबरात ऊन उतरलं. पहिल्याच शुक्रवारी (कतारात सुट्टी शुक्रवार-शनिवारची) सॅन्ड्रा तिच्या सायकलवाल्या गटाबरोबर अल खोरच्या रस्त्याला गेली. जाताना फार ऐटीत गेली. परत आली ती डेरिकच्या गाडीतून. वायव्येचं वारं समोरून लागलं आणि चाळीस किलोमीटरवर तिचे पाय गळाठले. पूर्ण उन्हाळा जणू केलाच नव्हता. तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "खलास. जोआना खरं बोलली होती." मग तिने माझे पाय दुमडले आणि मला बाल्कनीत ठेवलं. आता पुन्हा पायमोजे, एवढंच माझ्या मनात आलं.

त्या रात्री फातिमाबाई जेवल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या तेव्हा पापनिवेदनाला बसल्या. घरी येऊन त्यांनी सॅन्ड्राला बाल्कनीत बोलावलं. माझ्यावर हात ठेवून त्या बोलल्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मी फादरना सांगितलं, की माझ्या हातून फसवणूक झाली," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, माळ दहादा म्हटलीस तरी उपयोग नाही, जिचं नुकसान केलंस तिला जाऊन सांग. मी रोज नॉब सैल करत होते, पोरी. तुझे हाल बघवत नव्हते मला."

सॅन्ड्राचा चेहरा लाल झाला. मग ती म्हणाली, "मम्मी, माझा अख्खा उन्हाळा गेला. मला वाटलं माझ्यातच काही नाही." आणि ती रडली. फातिमाबाईही रडल्या. मलाही रडता आलं असतं तर मी गंजलो असतो.

पण रडून झाल्यावर सॅन्ड्राचं डोकं चालायला लागलं. म्हणजे आपण कमकुवत नव्हतो, आपल्याला उतारावर ठेवलं होतं! पाच महिने न चुकता बसायची सवय तर खरी होती. तिने बोटांवर आठवडे मोजले; अठरा होते. तिने मला उचलून आत आणलं, सांध्यांना तेल दिलं आणि सासूच्या हाती नॉबचा कारभार सोपवला. अट एकच: आता हात फिरला तर घट्ट करायलाच फिरेल.

मित्रांनो, त्यानंतर फातिमाबाईंनी जो छळ मांडला, त्याला तोड नाही. पहिल्या दहा नमो मारियांना ठिपक्यावर, दुसऱ्या दहांना एक खटका वर, तिसऱ्यांना दोन. सॅन्ड्रा मागे वळून केविलवाणं बघायची, तर या डोळे मिटून जपात दंग. नाताळच्या आदल्या दिवशीसुद्धा करंज्यांच्या पिठाने माखलेल्या हातांनी त्यांनी माझा नॉब पिळला. ते पीठ अजून माझ्या खाचेत आहे. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर, बाकीचे दिवस माझ्यावर, असं चाललं. जानेवारीत सॅन्ड्रा वाऱ्याला तोंड देत अल खोरला जाऊन परत आली आणि डेरिकला फोन करावा लागला नाही.

फेब्रुवारीतला तो शुक्रवार उजाडला. सायकल गेली, मी रिकामा उरलो. डेरिक शेवटच्या कमानीपाशी जाऊन उभा राहिला. जोआनाची रविवारी परीक्षा म्हणून ती आजीबरोबर घरी होती. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला. नकाशावर एक निळा ठिपका सरकत होता, तो म्हणजे सॅन्ड्रा. मागे एक पांढरा ठिपका होता. ते काय ते मला विचारावं लागलं नाही. पुस्तक उघडं होतं, पण जोआनाने पान उलटलं नाही.

पन्नास, साठ, सत्तर. वारं समोरून होतं, दोन्ही ठिपक्यांतलं अंतर कमी होत होतं. आणि बरोबर ब्याऐंशी किलोमीटरवर निळा ठिपका थांबला.

जोआनाने लॅपटॉप जवळ ओढला. एक मिनिट गेलं, दुसरंही गेलं. फातिमाबाई उठल्या, सवयीने स्टूल माझ्या मागे ओढून बसल्या आणि माळ हातात घेतली. सायकल नव्हती, चाक नव्हतं, तरी त्यांचा हात माझ्या नॉबवर आला आणि त्यांनी तो घट्ट केला, एक खटका, दोन, तीन. इतका आवळला की माझे दात वाजले. त्यांचं 'नमो मारिया' मधेच चुकलं तेव्हा पुढचे शब्द जोआनाने म्हटले. मराठीत. तिला ते येत होते हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग ठिपका हलला. हलला तो असा की पांढरा ठिपका मागे मागेच पडत गेला. अकरा मिनिटं राखून सॅन्ड्राने कमान ओलांडली. डेरिकने फोन केला आणि त्याला बोलताच येईना, तेव्हा फातिमाबाईंनी त्याला झापलं की अरे, नीट सांग, पोचली ना? पोचली होती. जोआना आजीला धरून हॉलभर नाचली आणि नाचता नाचता तिला माझ्या पायाची ठेच लागली. ती ठेच मला कुठल्याही मेडलहून प्यारी आहे.

दुपारी सॅन्ड्रा आली, चेहऱ्यावर वाळलेल्या घामाचं मीठ आणि गळ्यात पदक. ब्याऐंशीला का थांबलीस, काय झालं होतं, असं लेकीने विचारलं. सॅन्ड्रा म्हणाली, काही झालं नव्हतं. "जिथे मला उचललं होतं तिथे मुद्दाम उतरले, पाणी प्यायले, ती जागा नीट बघून घेतली. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हटलं, यल्ला, चला, आता माझ्या मागून या." मग तिने गळ्यातलं पदक काढलं आणि माझ्या नॉबवर अडकवलं.

पुढच्या महिन्यात सामानाची बांधाबांध सुरू झाली. मला इथेच कुणाला तरी देऊन जावं, असं डेरिक म्हणाला. सॅन्ड्रा काही बोलायच्या आत जोआना आली. तिने आईची सायकल माझ्यात चढवली आणि मराठीत म्हणाली, "ममा, सीट खाली कर ना. मला पाय पुरत नाहीत."

ती पाय मारू लागली. दोन मिनिटांत तिला धाप लागली, मानेवर घाम आला. फातिमाबाई मागे बसल्याच होत्या. त्यांचा डावा हात हळूच माझ्या नॉबकडे आला. त्या क्षणभर नातीच्या घामेजल्या मानेकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी नॉब एक खटका घट्ट केला.

आता मी वसईत असतो, मित्रांनो. तुमच्या घरातही एखादी वस्तू कोपऱ्यात जागच्या जागी उभी असेल. तिला अडगळ म्हणून तिच्यावर पायमोजे वाळत घालू नका. अधूनमधून पुसा, थेंबभर तेल द्या. आणि आपलं माणूस घाम गाळत असेल तर त्याला पाणी द्या, पंखा लावा, जवळ बसून राहा. त्याचा नॉब मात्र त्याच्या नकळत सैल करू नका.