भागीरथीबाईंचा उजवा कान

माझ्या सासूबाई, भागीरथीबाई, घणसोली गावातल्या धवलारीण. आगरी लग्नातले हळदीपासूनचे विधी त्या धवले गाऊन लावतात. एकही धवला कुठे लिहिलेला नाही, सगळे त्यांच्या आईच्या तोंडून ऐकून पाठ. आणि ह्याच बाईने स्वतःच्या कानाचं वाटोळं करायला घेतलं होतं.

उजव्या कानात खाज सुटली की केसातली पिन घालायची, वरून लसणीचं कोमट तेल ओतायचं. नको म्हणून मी कानीकपाळी ओरडून थकले. "आमचे आयनी हाच केला," एवढंच उत्तर. मग परवाच्या हळदीत जोडीदारीण जाईबाईंची ओळ कुठे संपली ते त्यांना कळलंच नाही. दोनदा मध्येच शिरल्या. बायका गालातल्या गालात हसल्या. घरी येऊन म्हणाल्या, "संध्या, माजा कान गेला. आता गाना बंद." माझा राग कुठल्या कुठे पळाला.

कोपरखैरण्याच्या डॉक्टर नमितांनी कानात बारीक कॅमेरा घातला आणि समोरच्या स्क्रीनकडे आम्ही दोघी बघतच राहिलो. शिळ्या पावावर येते तशी पांढरी बुरशी, तिच्यावर काळे ठिपके.

"आजी, कानातला मळ म्हणजे घाण नाही, कानाची राखण आहे ती," डॉक्टर म्हणाल्या. "पिनेनं ती काढलीत, कातडीला ओरखडे पाडलेत, वर तेलानं ओल धरून ठेवलीत. बुरशीला आणखी काय पाहिजे? कुणाला ॲलर्जीनं खाज येते, कुणाला कातडी कोरडी पडून. प्रत्येकाचं औषध वेगळं. आधी बघायचं, मग घालायचं."

"परदा फाटला काय?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"साफ केल्याशिवाय दिसणार नाही."

मळ ओढणारी नळी सूं सूं करू लागली. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट आवळलं. बुरशी हटत गेली आणि तळाशी तो दिसला. करंगळीच्या नखाएवढा, मोतिया रंगाचा, किंचित लालसर, पण अखंड. डॉक्टरांनी नाक दाबून, तोंड मिटून जोर लावायला सांगितलं, तर तो हलला! खरं सांगते, इतकं नाजूक मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

डॉक्टर थेंब लिहून देत होत्या: दोन आठवडे घालायचे, कान कोरडा ठेवायचा, तेल आणि पिन कायमची बंद. सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "माजे आयचा सगला गाना हितूनच आत गेला?" त्यांनी स्क्रीनला हात जोडले.

"इथूनच," डॉक्टर हसल्या.

"मंग हिचापन कान बगा."

"माझा कशाला? मला कुठे खाज येते?" मी म्हटलं. पण डॉक्टरांनी पाहिला. अगदी स्वच्छ होता.

"बरा झाला," सासूबाई म्हणाल्या. मला जवळ ओढून, बाहेर थांबलेल्या पेशंटांची पर्वा न करता, त्यांनी माझ्या कानाशी हळदीच्या धवल्याची पहिली ओळ म्हटली. मग थांबल्या.

"आता तू म्हन."

मी तीच ओळ त्यांच्या मागून म्हटली.