सायलेन्सर मॅडम

गावकीच्या बैठकीत निशा बोलायला उभी राहिली की मागून कुणीतरी म्हणायचंच, "आला बघा सायलेन्सर!" मग सगळे हसायचे.

तिचं म्हणणं काही नवं नसायचं. हळदीला डीजे नको, एवढंच. ती खारबावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नसराईत, हळदीच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या बाकावरच्या मुलांनाही प्रश्न परत विचारावा लागायचा. कानात शिट्टी वाजतेय म्हणायची पोरं. बैठकीत ती तेवढंच सांगायची, आवाज न चढवता, आणि खाली बसायची.

तिच्या बाजूने फक्त तिची सासू, आक्का. आक्का धवलारीण; लग्नातली सगळी गाणी तिच्या तोंडपाठ. पण "डीजेपुढं म्हातारीची गाणी कोण ऐकत न्हाय, म्हणून बोंबलते," असं म्हणून लोकांनी तिचीही वासलात लावली होती.

आणि मग निशाच्याच मुलाचं, भाविकचं, लग्न ठरलं.

"भिवंडीच्या डीजेवाल्याला सांगू का?" नवऱ्याने, देवेशने, विचारलं.

"नको."

"अगं, एक दिवस. गावातली पोरं जेवून निघून जातील. पोराची इज्जत हाय."

भाविक दारात उभा होता. "आई, गावातल्या सगळ्यांच्या हळदीला मी नाचलोय. माझ्याच हळदीला काय भजन लावू?"

निशा दमली होती. हो म्हणणं किती सोपं होतं. शब्द जिभेवर आलाही. पण आज हो म्हटलं, की इतकी वर्षं सांगितलं ते मुलांच्या कानांसाठी नव्हतंच, दुसऱ्याची मजा बघवत नव्हती म्हणून होतं, असं ठरणार. तेही गावाने नाही, तिने स्वतः ठरवलेलं.

"नाही," ती म्हणाली.

त्यानंतर भाविक तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

हळदीला पोरं आली, जेवली आणि मोटारसायकली काढून गेली. भावकीतला हिरामण निघताना म्हणाला, "वहिनी, हळद हाय का दहावा?" मांडवात बायकाच उरल्या. आक्का गायला बसली. तिचा आवाज फाटत होता. मधेच ती अडखळली, तेव्हा मागच्या दोघीतिघींनी ओळ उचलली. त्यात हिरामणची बायको भावनाही होती. भाविक पाटावर खाली मान घालून बसला होता. अंगावरची हळद वाळून तडकत होती. त्याच्याकडे बघताना निशाला आपलं म्हणणं बरोबर असण्याचाच कंटाळा आला.

पुढच्या लग्नसराईत हिरामणच्या मुलीची, दिपालीची, हळद डीजेशिवाय झाली. "बायकोने आक्काला गायला बोलावलंय, मग दोन्ही कशाला?" तो सांगत होता. नंतर गावातल्याच केसरीनाथच्या घरची. कारण विचारलं तर जो तो आपलं वेगळं सांगे: पोलिसांची कटकट, शेजारचं तान्हं बाळ, पोरांची भांडणं. निशाचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं.

शेवटी एका बैठकीत हिरामण उभा राहिला. "बरेच दिवस माझ्या डोक्यात हाय. पोरांच्या कानांचं वाटोळं होतंय. आपल्या गावात हळदीला डीजे नकोच." सगळ्यांच्या माना डोलल्या. "आणि सायलेन्सर मॅडम, आज तरी आडव्या येऊ नका!"

लोक हसले. निशाने इतरांबरोबर हात वर केला.

घरी जेवताना भाविक म्हणाला, "आई, हिरामणकाका काय बोलले आज! कानांचं वगैरे. पटलं आपल्याला."

आक्काचा घास हातातच राहिला. "आरं, तुझी आय..."

निशाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू पण असंच कायतरी म्हणायचीस ना?" भाविकने विचारलं. लग्नापासून त्याने तिला कामाशिवाय काही विचारलं नव्हतं.

"म्हणत असेन," निशा म्हणाली. "भात घे."